लाईट गेली की झिरो सरकतो: बोर्ड बदलण्याआधी सरक मोजा

एप्रिल-मे म्हणजे सोलापुरात युनिफॉर्मचा सीझन. जूनमध्ये शाळा उघडणार, त्याआधी खिशाखिशावर शाळेचा मोनोग्राम बसायला हवा, आणि नेमकं त्याच दिवसांत ऊन चाळिशी ओलांडतं, लोड वाढतो आणि लाईट जाते. गेल्या सीझनला पूर्व भागातल्या एका कारखान्यातून फोन आला. "मिस्त्री, परत सरकलंय बघा. नवीन बोर्ड टाकूनसुद्धा!"

बोर्ड मी टाकला नव्हता, माझ्या आधी कुणीतरी टाकून गेला होता. पण कारखान्याचे मालक अण्णा, त्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी टेबलावर खिशांचा ढीग ओतला. मोनोग्राममध्ये वर उगवता सूर्य, मध्ये उघडं पुस्तक, खाली शाळेचं नाव. सूर्य आणि पुस्तक झकास. नावाची मात्र पहिली चार अक्षरं जागेवर आणि उरलेली तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडे. पुस्तकाची कड आणि आतली भरती यांच्यामध्ये पांढरं कापड डोकावतंय. असे पंचवीस-तीस खिसे बाद.

त्याच आठवड्यात होटगी रोडवरच्या, लाकूड कोरणाऱ्या एका राउटरवाल्याचा झेड (वरखाली होणारा अक्ष) खाली येऊन जॉबला भोक पडलं, आणि नवी पेठेत लेझरने की-चेन करणाऱ्या एकाची अक्षरं दुहेरी दिसायला लागली. तिघांचीही मशीनं स्टेपर मोटरवर चालणारी, म्हणजे दर पल्सला ठरावीक पाऊलभर फिरणाऱ्या मोटरवर. तिघांचीही तक्रार शब्दशः एकच: लाईट गेली, आली आणि झिरो (जिथून मशीन मोजतं ती जागा) सरकला. तिघांनीही आधी ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा) नाहीतर बोर्ड (त्याला पल्स पाठवणारा कंट्रोलर) बदलून पाहिला होता. तिघांचेही जुने बोर्ड चांगले होते.

तक्रार एक असली तरी दुखणी तीन वेगळी होती. ती वेगळी कशी ओळखायची आणि प्रत्येकाला काय करायचं, एवढंच लिहितो.

आधी सुटी मोटर हातात घ्या

कुठलीही साधी नेमा १७ मापाची स्टेपर मोटर घ्या. चारही वायरी एकमेकींना न लागता मोकळ्या ठेवा आणि दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून हळू फिरवा. मऊ मऊ टकटक लागते. मोटरला करंट नाही, तरी दांडा ठरावीक ठरावीक जागी बसायला बघतो. आपण वापरतो त्या हायब्रीड मोटरच्या रोटरमध्ये (फिरणाऱ्या भागात) कायम चुंबक असतं आणि त्यावर ५० दात असतात. हे दात स्टेटरच्या (भोवतीच्या स्थिर भागाच्या) दातांसमोर आले की चुंबक तिथे रमतं. एका फेऱ्यात अशा २०० जागा, म्हणजे १.८ अंशाला एक. या शिल्लक पकडीला डिटेंट टॉर्क म्हणतात.

ही पकड किती? बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या ४० न्यूटन-सेंटीमीटरच्या नेमा १७ मध्ये करंट चालू असताना पकड ४०, आणि करंट बंद केल्यावर साधारण दोन-सव्वादोन. जेमतेम विसावा हिस्सा म्हणा. "स्टेपर लॉक असते" असं आपण म्हणतो ते करंट आहे तोवरच. करंट गेला की कुलूप गेलं, नुसती कडी उरली.

आता एका कॉइलच्या दोन वायरी एकमेकींना पिळून जोडा आणि तोच दांडा फिरवा. काकवीत पळी फिरवल्यासारखा जड जातो. दांडा फिरला की मोटर जनरेटर होते, तिचाच करंट तिच्याच कॉइलमध्ये फिरतो आणि तिलाच अडवतो. पण जितकं जोरात फिरवाल तितकाच विरोध होतो. अगदी सावकाश फिरवलंत तर दांडा फिरतोच. त्यामुळे वायरी शॉर्ट करून झेड अडकवून ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर लक्षात ठेवा, झेड थांबत नाही, फक्त सावकाश उतरतो. वायरींच्या रंगांवर भरवसा नसेल तेव्हा कॉइलच्या जोड्या ओळखायला मात्र ही युक्ती फर्मास. मीटरसुद्धा लागत नाही. हे सगळं सुट्या मोटरवर करा. ड्रायव्हरला जोडलेल्या आणि करंट चालू असलेल्या मोटरची वायर काढायची नाही. कॉइलमधला करंट एकदम तुटला की जो व्होल्टेज उसळतो त्यात ड्रायव्हर जातो, आणि तो मोटरमागे एकच असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मोटरला स्वतःची जागा माहीत नसते. बोर्ड पल्स मोजतो आणि धरून चालतो की मोटर तेवढी फिरली असेल. लाईट गेली की हे धरून चालणं तुटतं. रोटर बहुतेक वेळा दोन पूर्ण स्टेपच्या मध्ये कुठेतरी, मायक्रोस्टेपवर (स्टेपच्या बारीक हिश्श्यावर) उभा असतो. करंट सुटला की तो जवळच्या डिटेंटच्या खाचेत घसरतो, म्हणजे अर्ध्या स्टेपपर्यंत. लाईट परत आली की ड्रायव्हर कुठे होतो हे विसरलेला असतो. तो आपल्या ठरलेल्या सुरुवातीच्या कोनातून उठतो. उदाहरणार्थ ए४९८८ ही ड्रायव्हरची चिप चालू होताना दोन्ही कॉइलमध्ये सारखा, सुमारे ७१ टक्के करंट सोडते. त्या कोनाला जुळणारी जागा दर चार पूर्ण स्टेपला एक येते. रोटर त्यातली जवळची धरतो. मशीन चालू केल्यावर जो "टक" आवाज येतो तो हाच. म्हणजे सगळं धरून मूळ जागेपासून जास्तीत जास्त दोन पूर्ण स्टेप, इकडे किंवा तिकडे.

दोन स्टेप म्हणजे मिलिमीटरमध्ये किती ते तुमच्या मशीनवर. २० दातांची जीटी२ पुली आणि बेल्ट असेल तर एका फेऱ्याला ४० मिमी, एका स्टेपला ०.२ मिमी, म्हणजे सरक ०.४ मिमीपर्यंत. ८ मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा, टी८ स्क्रू असेल तर ०.०८ मिमी. ५ मिमी लीडचा बॉलस्क्रू असेल तर ०.०५, ती बहुतेकांना दिसतही नाही.

हा आकडा कागदावर लिहून मशीनला चिकटवा. पुढचं निदान त्यावरच आहे.

सरक मोजा

डायल गेज असेल तर उत्तम, नसेल तर व्हर्निअर आणि जॉबवरचीच खूण. एकाच जॉबवर भागत नाही, चार-पाच बाद जॉब घ्या आणि प्रत्येकावरची सरक दिशेसकट लिहा.

बेल्टच्या मशीनवर सरक कधी ०.१, कधी ०.३५, पण ०.४ च्या वर कधीच नाही असं दिसलं, तर ड्रायव्हर रीसेट होतोय आणि बोर्ड चालूच राहतोय. ०.८, १.६, २.४ अशा पटीत दिसलं तर मोटर करंटखाली असतानाच घसरलीय, किंवा ड्रायव्हरचा लॉजिक (त्याचा हिशेब ठेवणारा भाग) चालू असताना मोटरचा सप्लाय गेला आणि मधल्या वेळात धक्का लागला. दोन-फेजची स्टेपर घसरते ती चार स्टेपच्या पटीतच, मधल्या जागी ती थांबू शकत नाही. तेव्हा लाईटला दोष न देता बेल्टचा ताण, करंट, फीड यांच्याकडे बघा. आणि सरक १.२, ११, ३.५ अशी वेडीवाकडी, कधी डावीकडे कधी उजवीकडे असेल तर मोटर मोकळी असताना कुणीतरी किंवा काहीतरी तिला हलवलंय. ते काहीतरी म्हणजे बहुधा गुरुत्वाकर्षण. कुणीतरी म्हणजे बहुधा ऑपरेटर.

अण्णांच्या खिशांवर मोजलेले आकडे या शेवटच्या जातीचे होते. तरी मी काही बोललो नाही. चहा घेत बसलो आणि लाईट जायची वाट बघत बसलो. त्या दिवसांत ती फार वाट बघायला लावत नव्हती.

एम्ब्रॉयडरीची फ्रेम

पावणेचारला लाईट गेली. हेड थांबले. सुया कापडात रुतलेल्या. ऑपरेटर पोरगा अनुभवी होता. त्याने मेन शाफ्टचं चाक हाताने फिरवून शंभर डिग्रीवर आणलं, सुया वर आल्या. इथपर्यंत बिनचूक. मग तीन नंबरच्या हेडचा दोरा तुटलेला दिसला म्हणून त्याने दोन्ही हातांनी फ्रेम स्वतःकडे ओढली, दोरा ओवला, आणि फ्रेम अंदाजाने परत मागे ढकलली. इतक्या सहज की त्याला विचारलं असतं तर "फ्रेमला हात लावला नाही" असंच म्हणाला असता. खोटं नाही, त्याच्या लेखी ते हात लावणं नव्हतंच. लाईट आली, फ्रेमच्या मोटरींनी टक करून जिथे होत्या तिथे पकड घेतली, आणि कंट्रोलरने पुढचा टाका मारला. त्याच्या हिशेबात फ्रेम हललीच नव्हती.

यावर उपाय मशीनमध्येच असतो. बहुतेक एम्ब्रॉयडरी कंट्रोलरमध्ये लाईट गेल्यानंतर जागेवर परत यायची सोय असते. फ्रेम आधी कडेच्या सेन्सरपर्यंत जाते, तिथून मोजत मोजत थांबलेल्या टाक्यावर परत येते. पण त्यासाठी डिझाइन सुरू करण्याआधी फ्रेमचा ओरिजिन (मोजणी सुरू होते ती जागा) एकदा सेन्सरवरून घेतलेला असावा लागतो. नाहीतर कुठून मोजायचं हेच त्याला माहीत नसतं. अण्णांच्या मशीनवर मशीन बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी ओरिजिन घेऊन दाखवला होता, नंतर कुणी घेतला नव्हता. "एक मिनिट जातो," म्हणून. मी बाद खिशांच्या ढिगाकडे नुसतं बघितलं.

आता तिथे रोज सकाळी आणि दर डिझाइनला ओरिजिन घेतात. शिवाय पोराला टेलरचा खडू दिलाय. लाईट गेली की फ्रेमला हात लावायच्या आधी रेल आणि टेबल यांच्यावर मिळून एक आडवी रेघ मारायची, एक्सला एक, वायला एक. खडूची रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या आत काही सांगत नाही, पण फ्रेम हलली की नाही हे तिच्यापुढे लपत नाही. हलली असेल तर रिकव्हरी चालवायची, आधी पुढचा टाका नाही.

एक इशारा. फ्रेम किंवा गॅन्ट्री (हेड वाहून नेणारा आडवा पूल) ढकलायचीच असेल तर सावकाश. जोरात ढकलली की मोटर जनरेटर होऊन ड्रायव्हरमध्ये उलटा करंट जातो. थ्री-डी प्रिंटरचा बेड बंद असताना झपकन सरकवला की डिस्प्ले उजळतो, तो याच विजेवर. दिसायला मजेशीर आहे, ड्रायव्हरला मात्र नाही.

झेड खाली येतो

होटगी रोडचा राउटरवाला एमडीएफवर दाराच्या पाट्या करतो. "श्री सिद्धेश्वर प्रसन्न" ही त्याची सगळ्यात खपणारी पाटी. त्याने दाखवलेल्या पाटीत "द्ध"च्या बरोबर मध्ये चार मिलिमीटरचं आरपार भोक होतं. लाईट गेल्यावर स्पिंडल लगेच थांबत नाही, काही सेकंद घरघरत राहतो. तेवढ्या वेळात झेडची मोटर मोकळी झालेली, स्पिंडल आपल्या वजनाने खाली, आणि बिट अजून फिरतंय. भोक पडायला आणखी काय पाहिजे?

त्याचा मुद्दा रास्त होता: "सर, वर्षभर नाही पडला. आत्ताच का पडायला लागला?"

वर्षभरात काय बदललं ते विचारलं. काहीच नाही, फक्त स्क्रू करकरत होता म्हणून ग्रीस लावलं होतं.

आता हिशेब बघा. त्याचा झेड ८ मिमी लीडच्या टी८ स्क्रूवर. स्पिंडल आणि प्लेट मिळून साडेतीन-चार किलो. या स्क्रूचा चढ तीव्र असतो, कोन साधारण २० अंश, आणि पितळी नट-स्टीलच्या घर्षणाला एवढ्या चढावर वजन रोखता येत नाही. चार किलो वजन घर्षण वजा जाता दांड्याला साधारण दोन ते अडीच न्यूटन-सेंटीमीटरने फिरवायला बघतं. आणि बंद मोटरची शिल्लक पकड किती? दोन-सव्वादोन. म्हणजे तागडी जवळजवळ सम. स्क्रू कोरडा असताना घर्षण जास्त, वजन टिकायचं. ग्रीस लावलं, घर्षण कमी झालं, तागडी खाली. वर स्पिंडलची थरथर. याच कारणाने काही मशीनचा झेड "कधी पडतो, कधी नाही", आणि मालक ड्रायव्हर बदलल्यावर दोन दिवस पडला नाही म्हणून खूश होतो.

ग्रीस पुसून टाकणं हा उपाय नव्हे, हसू नका, हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय.

मी त्याला स्क्रू बदलायला लावला. तोच ८ मिमी व्यासाचा, पण २ मिमी लीडचा, एकाच आट्याचा. याचा चढ पाच अंशांच्या आसपास, त्यामुळे नट आपोआप फिरतच नाही, मोटर पूर्ण काढून टाकली तरी. नट पण त्याच जातीचा लागतो, जुना चालत नाही. त्यानंतर सेटिंगमध्ये प्रति मिमी पल्स चौपट करायच्या. त्याच्याकडे १६ मायक्रोस्टेपवर ४०० होत्या, त्या १६०० झाल्या. इथे एक खाच आहे. अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरचं जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सेकंदाला ३० हजार पल्सपर्यंतच जातं. झेडचा वेग मिनिटाला १५०० मिमी ठेवला तर सेकंदाला ४० हजार पल्स लागतात. म्हणून मायक्रोस्टेप १६ वरून ८ वर आणल्या, प्रति मिमी ८०० झाल्या, गाडी २० हजारांत बसली. मोटरला चौपट जोरात फिरावं लागतं म्हणून टॉर्कही उतरतो, झेडचा वेग थोडा कमीच ठेवा. पाट्यांच्या कामात झेडच्या वेगाने काही अडत नाही.

ज्यांच्या झेडवर बॉलस्क्रू आहे त्यांना हा मार्ग नाही. बॉलस्क्रूत घर्षण नावापुरतं, तो वजनाने फिरणारच. तिथे ब्रेकची मोटर घ्या, नाहीतर मागच्या दांड्याला ब्रेक बसवा. हा ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो आणि २४ व्होल्ट दिल्यावर सुटतो. लाईट गेली की आपोआप आवळतो, म्हणूनच तो घ्यायचा. क्रम मात्र पाळा: आधी ड्रायव्हरने मोटर पकडली पाहिजे, मग ब्रेक सुटला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी केलं तर त्या क्षणभरात झेड उतरतो आणि तुम्ही म्हणता ब्रेक खराब. अर्ध्या-एक सेकंदाचा टायमर रिले पुरतो. ब्रेकच्या कॉइलला उलटा डायोड लावायला विसरू नका. बेल्टवर झेड असेल तर ब्रेक, काउंटरवेट (तोलून धरणारं वजन) किंवा गॅस स्प्रिंग यांपैकी एक हवंच. २० दातांच्या पुलीवर बंद नेमा १७ जेमतेम साडेतीनशे ग्रॅम रोखते.

लाईट नुसती लुकलुकली तेव्हा

नवी पेठेतलं दुखणं सगळ्यात चकवणारं. तिथे लाईट गेलेलीच नव्हती. ट्यूबलाइट एकदा मिचकावली, पंखा फिरतच राहिला, आणि की-चेनवरच्या नावाला सावली पडल्यासारखी दुसरी रेघ आली. मोजली तर ०.३. दुसऱ्या की-चेनवर ०.१५. ०.४ च्या वर एकही नाही.

बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी, त्यामुळे बोर्डाला लाईट गेल्याची खबरच नाही. मोटरचा सप्लाय मात्र वेगळा, एसएमपीएसचा (मेनवरून डीसी देणाऱ्या डब्याचा). त्याचा व्होल्टेज क्षणभर बसला, ड्रायव्हर रीसेट झाला, परत उठला, रोटरने जवळची जागा धरली. लॅपटॉपवरचा आकडा हललाच नाही. डीएम५४२ जातीचे मोठे ड्रायव्हर असतील तर हे आणखी पक्कं होतं. त्यांना वेगळा लॉजिक सप्लाय नसतो, त्यांचा मेंदूही मोटरच्याच सप्लायवर.

आणि लाईट पूर्ण गेली तर? लॅपटॉप कोड पाठवत राहतो, बोर्ड पल्स देत राहतो, हेड जागेवर उभं. दोन मिनिटांनी लाईट आली की हेड जिथे उभं होतं तिथून पुढचा भाग कोरायला लागतं, आणि पत्ता दहा सेंटीमीटर चुकलेला. लेझरच्या बाबतीत याला नुसतं "जॉब बाद" म्हणून सोडू नका. माणूस लाईट गेली म्हणून बाहेर चहाला गेलेला असतो आणि लाईट आल्यावर मागे लेझर आपोआप पेटतो.

ज्यांनी लूम चालवलेत त्यांना याचं उत्तर आधीच माहीत आहे. मोटर स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाईट गेली की स्टार्टर सुटतो आणि लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. तेच इथे करायचं. एसएमपीएस आणि लेझर किंवा स्पिंडल छोट्या कॉन्टॅक्टरमधून (कॉइलवर चालणाऱ्या स्विचमधून) घ्या, हिरवं-लाल बटण लावा. त्याच्याशी आणखी एक २३० व्होल्ट कॉइलचा रिले लावा आणि त्याचा नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट (कॉइलला वीज नसताना जोडलेला असतो तो) बोर्डाच्या फीड होल्डच्या, म्हणजे हालचाल थांबवायच्या पिनला आणि ग्राउंडला जोडा. उनोवर जीआरबीएलची ही पिन म्हणजे ए१. लाईट गेली की रिले सुटतो, पिन ग्राउंडला जाते, बोर्ड थांबतो. लाईट लुकलुकली तरी कॉन्टॅक्टर सुटतो, म्हणजे जॉब निदान उघडपणे थांबतो, गुपचूप ०.३ ने सरकत नाही. मला उघड नुकसान चालतं, गुपचूप नाही. मग होमिंग करून (मशीन कडेच्या लिमिट स्विचपर्यंत नेऊन तिथून जागा मोजून) जॉब पुन्हा चालू करायचा.

होमिंगचं बोलायचं तर लिमिट स्विच नसलेली मशीन दुरुस्तीला आली की मी आधी स्विच बसवतो, मग बाकीचं ऐकतो. जीआरबीएलमध्ये जी५४ चा, म्हणजे जॉबचा झिरो बोर्डात साठवलेला राहतो हे खरं, पण तो मशीन-झिरोपासून मोजलेला असतो. स्विच नसतील तर बोर्ड चालू होताना जिथे उभा आहे त्यालाच मशीन-झिरो म्हणतो. मोजमापाची पट्टीच उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखं. "जागा बोर्डात सेव्ह करून ठेवता येत नाही का?" असं विचारतात. येते. पण मधल्या काळात मोटर हलली असेल तर सेव्ह केलेला आकडा खोटाच. साध्या एन्कोडरची (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची) क्लोज्ड-लूप मोटर घेतली तरी बंद असताना ती काही मोजत नाही.

इन्व्हर्टरवर सगळं मशीन टाकलं की प्रश्न मिटला असं वाटतं. अर्धा मिटतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच असतो, तो त्या बाजूला नसेल तर मेनवरून बॅटरीवर जायला लागणारा वेळ ड्रायव्हरला पुरेसा असतो रीसेट व्हायला. आणि मोठा स्पिंडल इन्व्हर्टरला झेपत नाही म्हणून फक्त बोर्ड आणि मोटरी त्यावर टाकल्या तर स्पिंडल थांबलेला आणि गॅन्ट्री चालू, बिट लाकडात मोडून पडतं. वरचा फीड होल्डचा रिले तेव्हाही हवाच, आणि त्याची कॉइल इन्व्हर्टरच्या नव्हे, मेनच्या लाईनवर.

लाईट न जाताही

कधीकधी लाईट असतेच, तरी हेच घडतं. जीआरबीएल हालचाल संपल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटरी सोडून देतं. ही त्याची मूळ सेटिंग, डॉलर-१. बिट बदलायला थांबलात की झेड मोकळा. तिथे २५५ लिहा, मग मोटरी कायम धरलेल्या राहतात. मार्लिन सॉफ्टवेअरवाल्या थ्री-डी प्रिंटरमध्ये हीच वेळ साधारणपणे दोन मिनिटं असते, एम८४ एस० हा हुकूम दिला की ती बंद होते.

कायम धरलेल्या मोटरी तापतात. उभ्या मोटरलाही पूर्ण करंट जातो, कूलर बंद करून पंप चालू ठेवल्यासारखं. डीएम५४२ वर चौथा डिप स्विच बंद ठेवला की उभ्या मोटरचा करंट अर्धा होतो, बहुतेक कामांना तेवढी पकड पुरते. बाकी मोटरचं अंग सत्तर अंशांवर गेलं तरी मोटरला काही होत नाही. हात लावून "जळतीय" म्हणू नका.

आसपासच्या वस्तूंना होतं. राउटरवाल्याचा मे महिन्यात परत फोन आला. लाईट गेली नाही, स्क्रू नवीन, डॉलर-१ ला २५५, आणि झिरो रोज दुपारनंतर थोडा थोडा खाली. पत्र्याच्या शेडमध्ये गेलो तर झेडची मोटर ज्या कंसात बसवलेली तो थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापलेला. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. कंस वाकून खाली झुकला होता, बोल्टच्या भोवती प्लास्टिकवर सुरकुत्या पडलेल्या. सहा मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापली, चार भोकं पाडली आणि बसवली. डिप स्विच चालू होता, तोही बंद केला.